थोरला, मधला आणि धाकटा

दार उघडलं आणि समोर आई दिसली. पॅसेजमध्ये भिंतीला पाठ टेकून ती त्याच्या गिटारच्या मधल्या अॅम्पवर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, बाजूला वॉकर. डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघणारी माणसं बसतात तशी, अर्धी बसलेली, अर्धी उठायच्या तयारीत. ती यायची होती दुसऱ्या दिवशी. ताईला अचानक कुठेतरी जावं लागलं म्हणून ती दुपारीच आईला सोडून गेली होती, हे त्याला नंतर कळलं. त्या क्षणी त्याला एवढंच दिसलं की मधल्याच्या वरच्या कडेला बटणांची जी पट्टी आहे तिच्यावर आईच्या शालीचं टोक पसरलंय आणि तिचं सगळं वजन बरोबर तिथेच पडलंय. तो म्हणाला, म्हणजे ओरडलाच, "आई, त्यावर नको बसूस!"

"हो का?" म्हणत आई उठली. खुब्यात नवा सांधा बसवून महिना-दीड महिना झालेल्या बाईने इतक्या झटक्यात उठायला नको होतं. वॉकर हाताशी असून तिने तो घेतला नाही. भिंतीवर पंजा टेकला आणि उभी राहिली. "मला वाटलं स्टूल आहे. काही झालं नाही ना रे त्याला?" त्याला, म्हणजे मधल्याला. स्वयंपाकघराच्या दारात बायको पाण्याचा ग्लास घेऊन थांबली होती. कोचावर मुलीने मोबाइलमधून मान वर काढली, बापाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि मान पुन्हा खाली घातली. ते खाली घालणं फार वाईट होतं. "नाही, म्हणजे चाकं आहेत त्याला, सरकतो तो, पडशील म्हणून," तो म्हणाला. चाकं होती हे खरं होतं. पण ती त्याला नंतर सुचली होती, आणि हे तिथल्या चौघांनाही कळत होतं.

तशी वाक्यं त्याने तयार केली होती. दिवसभर लॅबमध्ये मेणाच्या हिरड्या कोरता कोरता तो मनात म्हणत होता की उद्या आई आली की आधी तिचा हात धरायचा, मग म्हणायचं, ये, हे घर तुझंच आहे, कसलाही संकोच करायचा नाही. त्याला ते जरा नाटकी वाटलं होतं म्हणून त्यातला संकोच काढून टाकला होता, मग परत घातला होता. आता त्या वाक्याला घरात जागाच उरली नव्हती. आईला भेटून आठ-नऊ महिने झाले होते. ऑपरेशनच्या वेळीही कामाच्या गर्दीमुळे त्याला जाता आलं नव्हतं. निदान ताईला त्याने तसं सांगितलं होतं. आणि इतक्या महिन्यांनी आईच्या कानावर पडलेला त्याचा पहिला शब्द कोणता, तर नको.

आईने सगळी नोकरी उभ्याने केली होती. कापडाच्या मोठ्या दुकानात ती पडद्यांच्या आणि चादरींच्या विभागात होती, आणि विक्रेत्यांनी बसायचं नाही असा तिथला नियम होता. गिऱ्हाईक असो वा नसो. शाळा सुटली की तो कधीकधी दुकानात जायचा. चादरींच्या थप्प्यांमागे एक लाकडी खोकं होतं, त्यावर आई टेकायची. बसायची असं म्हणता येणार नाही, टेकायची, आणि मालकाच्या बुटांचा आवाज आला की काही झालंच नाही अशी उभी राहायची, एक हात थप्पीवर ठेवून. ते उठणं त्याने आज ओळखलं. इतकी वर्षं गेली, दुकान बंद पडलं, मालक मेला, खुबा मोडला, पण अंग ते विसरलं नव्हतं. बुटांच्या जागी फक्त त्याचा आवाज होता.

"तू काय बोललास ते कळलं का तुला?" बायकोने खोलीचं दार लोटून घेत विचारलं. तो म्हणाला, कळलं. "मग?" ती पलंगाच्या कडेवर बसून उशीचा अभ्रा बदलत होती. अभ्रा उलटा होता, तो तिने सुलटा केला. "आईंना आज पोरीच्या पलंगावर झोपवते. ती झोपेल कोचावर. पण हे दोन-चार दिवस. त्यानंतर मला ती खोली रिकामी पाहिजे. एक ठेव. एकच. बाकीचे काढ." ती चिडून बोलत नव्हती. चिडली असती तर तोही चिडला असता, आणि दोघांना बरं वाटलं असतं.

ती खोली म्हणजे तीन अॅम्पची खोली. तो बेस गिटार वाजवायचा, आणि बेसला स्वतःचा आवाज असा नसतोच. तारा जाड, पण नुसत्या छेडल्या तर टेबलावर बोट आपटल्याइतकाही नाद होत नाही. आवाज देतो तो अॅम्प. नावं मुलीने ठेवली होती. तिला सख्खा काका नव्हता म्हणून लहानपणी तिने हे काका करून घेतले, आणि तिसरा आला तेव्हा ती कॉलेजात जायला लागली होती तरी त्याचं बारसं तिनेच केलं. थोरला दोन भागांत होता. खाली छातीइतकं उंच स्पीकरचं कपाट, वर काचेच्या नळ्यांचं डोकं. चालू केला की नळ्या हळूहळू लाल व्हायच्या, तापलेल्या धुळीचा वास सुटायचा, आणि त्यातून निघालेला प्रत्येक सूर जाडजूड पांघरूण अंगावर घेतल्यासारखा गोल होऊन यायचा. कसंही वाजवा, थोरला सांभाळून घ्यायचा. मधला चौकोनी, गुडघ्याइतका, चाकांचा. धाकटा तर डब्याएवढा, पट्ट्याने खांद्याला अडकवून न्यावा असा, आणि आवाज मात्र खणखणीत. जे वाजवाल ते, जसं वाजवाल तसं. बायकोच्या मैत्रिणी आल्या की म्हणायच्या, एका माणसाला तीन कशाला गं? ती म्हणायची, काय माहीत, पायात घालत असेल. सगळे हसायचे. तोही हसायचा.

दुसऱ्या दिवसापासून आई विचारून बसायला लागली. जेवायच्या टेबलाशी आली की खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "इथे बसले तर चालेल?" कोचापाशी, "इथे कुणी बसतं का?" बाल्कनीत, "ही खुर्ची बाहेरच असते ना?" टोमणा असेल असं समजून तो तिचा चेहरा निरखायचा. टोमणा निघाला असता तर त्याने तो आनंदाने झेलला असता. पण आई कधीच टोमणे मारणारी नव्हती, आणि तिच्या चेहऱ्यावर खरंच एवढंच असायचं की परक्या घरात वस्तूंचे नियम असतात, ते एकदा विचारून घेतलेले बरे. "बस गं, कुठेही बस," तो म्हणायचा, आणि ते इतकं मोठ्याने व्हायचं की ती दचकून बसायची.

लॅबमध्ये त्याचं काम कवळ्यांचं. दवाखान्यांतून तोंडाचे साचे यायचे. त्यावरून तो मेणात हिरडी उभी करायचा, एकेक दात बसवायचा, वरची-खालची रांग मिळवून पाहायचा. माणसाला त्याने कधी बघितलेलं नसायचं, पण साच्यावरून कळायचं की हा डाव्या बाजूने चावतो, ही झोपेत दात खाते. एखादी कवळी परत यायची, चिठ्ठी लावून, बसत नाही. अशा वेळी साचा चुकला असेल, पेशंटची हिरडी आकसली असेल असं तो आधी म्हणत नसे. आधी आपलं काम बघायचा. दाताखाली निळा कागद धरून बघायचा, कुठे केसभर उंच राहिलंय, आणि तेवढंच घासायचा. ह्या बाबतीत त्याचा हात धरणारं लॅबमध्ये कुणी नव्हतं. म्हणूनच त्याला आता कळेना की बँडमधला घड्याळ त्याला म्हणाला होता, तुझा आवाज गाण्यात बसत नाहीये, तेव्हा त्याने आधी स्वतःचा हात का नाही बघितला.

घड्याळ म्हणजे त्यांच्या बँडचा ड्रमर. ताल कधी हलायचा नाही म्हणून ते नाव पडलं होतं. विम्याच्या ऑफिसातला एक, शाळेतला एक, घड्याळ आणि हा असे चौघे दर शनिवारी संध्याकाळी एका गॅरेजच्या वरच्या खोलीत जमायचे, आणि महिन्या-दोन महिन्यांतून कुणाच्या तरी पार्टीत वाजवायचे. घड्याळाने ते वाक्य सहज म्हटलं होतं, ड्रमच्या काठ्या पिशवीत भरताना. त्याने त्याचा अर्थ लावला, थोरल्याचा आवाज जाडा पडतो. म्हणून मधला आला. वर्षभराने घड्याळ म्हणाला, अजून कुठेतरी ओढल्यासारखं होतंय रे. त्याने अर्थ लावला, मधल्याला धार नाही. म्हणून धाकटा आला. धाकट्यातून पहिल्याच संध्याकाळी त्याला स्वच्छ ऐकू आलं होतं की आपलं बोट दर ठोक्याला जरासं मागून पडतंय. जरासंच, पण दर वेळी. त्याने धाकट्याची बटणं फिरवून पाहिली. नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतात. त्याने तीन अंगणं विकत घेतली होती.

काढून टाकतो असं त्याला कुणी म्हटलं नाही. एका शनिवारी निरोप आला, आज नाहीये. मग पुढच्याही. मग निरोपच येईनासे झाले. एकदा तो धाकट्याला खांद्याला अडकवून, गिटार पाठीवर टाकून तसाच गेला, म्हटलं आपल्याला कळवायचं राहिलं असेल. जिना चढून दारापाशी पोचला तर आत वाजवत होते. घड्याळाचा ताल, विमावाल्याची गिटार, आणि खाली बेस. बेस होता. बरोबर पडत होता, ठोक्याच्या अंगाला अंग लावून, आणि गाणं कसं गुळगुळीत चाललं होतं. दाराच्या कडीवर ठेवलेला हात त्याने काढून घेतला. जिना उतरताना गिटारची पेटी कठड्याला आपटली, तेव्हा तो श्वास रोखून उभा राहिला, एखाद्या चोरासारखा. घरी इतक्या लवकर गेलं तर सांगावं लागलं असतं. म्हणून बाजारामागच्या बहुमजली पार्किंगमध्ये त्याने गाडी नेली, वरच्या मजल्यावर कोपऱ्यात लावली आणि नेहमीची वेळ होईपर्यंत आत बसून राहिला. उद्या सांगू, असं ठरवलं. पुढच्या शनिवारी बायकोनेच विचारलं, "आज प्रॅक्टिस नाही?" आणि तो म्हणाला, "आहे ना," आणि उठला.

रविवारी एक तरुणी आली ती जाहिरात वाचून. तिघांचीही जाहिरात त्याने दिली होती, जो आधी जाईल तो जाईल, उरेल तो आपला, म्हणजे आपल्याला निवडावं लागणार नाही. पंचविशीची असेल, केस बारीक कापलेले, स्वतःची बेस पाठीवर घेऊन आलेली. आई बाहेरच होती. "मी ऐकू का? चालेल ना?" तिने विचारलं आणि परवानगी मिळाल्यावर दारापाशी खुर्ची ओढून बसली. बेसवालीने थोरला तापू दिला. घाई केली नाही. मग एकच तार छेडली, डोळे मिटले, आणि वाजवायला लागली. फार काही वाजवलं नाही तिने, साधी चाल, चढ-उतारही नाही. पण खोलीतल्या काचा, कपाटाचं दार, त्याच्या पायाखालची फरशी सगळं एका वेळी, एका ठोक्याला हललं. त्याच्याकडे इतकी वर्षं होता हा थोरला. थोरल्याला हे येत होतं हे त्याला माहीत नव्हतं. त्याची मान लाजेने आपोआप हलायला लागली, दाद दिल्यासारखी.

"हाच घेते मी," ती म्हणाली. "आमचा ड्रमर म्हणालाच होता, जुना नळ्यांचा मिळाला तर सोडू नकोस. खाली व्हॅनमध्ये आहे तो, बोलावू? हे एकटीने उचलायचं काम नाही." तिने फोन केला, आणि थोड्या वेळाने बेल वाजली. दार बायकोने उघडलं. त्याला खोलीतून फक्त तिचा आवाज ऐकू आला, एकदम खुललेला. "अरे, तुम्ही? या, या! किती दिवसांनी! काय हो, दर शनिवारी आमच्या माणसाला इतकं अडकवून ठेवता, कधी घरी नाही का यायचं?"

घड्याळ पॅसेजमध्ये उभा होता. केस पांढरे झाले होते त्याचे. त्याने बायकोकडे पाहिलं, मग आत, त्याच्याकडे. एक ठोका गेला, दोन गेले. "हो," घड्याळ म्हणाला, "उशीर होतो खरा कधीकधी." त्याने ते भल्यासाठीच म्हटलं होतं. पण बेसवाली हसून त्याच्याकडे वळली. "म्हणजे? तुम्हीपण येता शनिवारी? मी तर दोन वर्षं आहे ह्यांच्यात. मग आपण भेटलो कसे नाही?"

थोरला अजून चालूच होता, त्याची बारीक घरघर तेवढी खोलीत होती. बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातलं हसणं निघून गेलं. तेव्हा दारातल्या खुर्चीवरून आई बोलली. "अगं, तो दुसऱ्या शनिवारी जात असेल," ती बेसवालीला समजावत म्हणाली. "शनिवार काय एकच असतो?" आणि कुणी हसत नाही असं पाहून तिने सुनेकडे मान वळवली. "ह्यांना चहा टाक ना गं. जड उचलायचंय त्यांना."

लिफ्टमध्ये कपाट मावण्यासारखं नव्हतं. घड्याळाने खालची बाजू धरली, उलट्या पावलांनी जिना उतरायला लागला, वरची बाजू त्याच्याकडे. मध्ये थोरला. तोंडाला तोंड, आणि हात सोडायची सोय नाही. "मी तुला फोन करणार होतो," घड्याळ म्हणाला.

"पायरी बघ."

"खरंच करणार होतो. मग महिना गेला. मग वाटलं, आता कुठल्या तोंडाने करू."

"डावीकडे घे जरा."

"वहिनींना सांगितलं नाहीस तू? कुठे जातोस मग शनिवारी?"

"कठडा, कठडा. रंग निघेल."

मधल्या वळणावर त्यांनी कपाट टेकवलं. घड्याळाने हात पँटला पुसले. तो दमला होता, ताल सोडून श्वास घेत होता. "बसत नाही म्हणालो होतो ना मी," तो म्हणाला, "ते अॅम्पचं नव्हतं म्हणायचं मला."

"माहीत आहे."

"कधीपासून माहीत आहे?"

त्याच्या डोळ्यांपुढे ते दुकान आलं, जिथून मधला घेतला. विकणारा बटणांची माहिती सांगत होता आणि तो मान डोलावत होता, आणि डोलावताना त्याला पुरतं ठाऊक होतं. धाकट्याने कळवलं वगैरे काही नाही. आधीच ठाऊक होतं. "उचल," तो म्हणाला.

वर आला तेव्हा बायको रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात उभी होती. कपाटाच्या जागी फरशीवर चौकोन उमटला होता, बाकीच्या फरशीपेक्षा उजळ. मुलगी आजीला घेऊन बाल्कनीत गेली होती, काचेचं दार लावून. "शनिवारी कुठे जायचास?" बायकोने विचारलं. तो म्हणाला, पार्किंगमध्ये. कुठल्या? त्याने सांगितलं. तिथे काय आहे? काही नाही. गाडीत बसायचो. "एकटा?" एकटा. तिने मान हलवली, जणू हिशोब जुळत नव्हता. "दुसरी कोणी असती तर मला कळलं असतं रे," ती म्हणाली. "भांडले असते, रडले असते, ताईंना फोन केला असता. ह्याचं काय करू मी?" मग ती पुसायचा कपडा घेऊन खाली बसली आणि तो उजळ चौकोनच पुसायला लागली, जो आधीच स्वच्छ होता. "नानांकडे मी दोन बस बदलून जात होते."

नाना तिचे वडील. शेवटचं वर्ष अंथरुणावर होते, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि शनिवारची पाळी तिची असायची. गाडी ती मागायची नाही. हा एवढाल्या धुडांना घेऊन बसने कसा जाणार, असं तीच म्हणायची. जाताना डबा, औषधं, धुतलेल्या चादरी. येताना मळलेल्या चादरी. तो घरी आला की ती नुकतीच आलेली असायची, पाय बादलीत सोडून बसलेली, आणि विचारायची, कशी झाली प्रॅक्टिस? तो म्हणायचा, छान. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. सगळं माहीत होतं. पण चादरींची पिशवी आणि पार्किंगमधली गाडी ह्या दोन गोष्टी त्याने मनात कधी एका जागी येऊ दिल्या नव्हत्या. वर काय चाललंय ते खाली कळू द्यायचं नाही, असे त्या पार्किंगसारखेच मजले केले होते. आता बायको खाली बसून फरशी पुसत होती आणि तो उभा होता, आणि त्याला बस म्हणणारं कुणी नव्हतं.

"सगळेच काढून टाकतो," तो म्हणाला. "तिन्ही. गिटारसकट."

तिने मान वर केली. डोळे कोरडे होते. "नाही. एक ठेव म्हटलं होतं ना मी? एक ठेवायचाच. सगळं विकून मोकळा होशील, आणि मग आम्हीच तुझं वाजवणं बंद पाडलं असं तोंड करून बसशील जन्मभर. ते मला नकोय. कुठला ठेवायचा ते तू ठरव."

म्हणजे निवडावं लागलंच. चार दिवस मधला आणि धाकटा खोलीत समोरासमोर होते. कामावरून आला की तो दार लोटून दोघांवर वाजवून पाहायचा, अगदी बारीक आवाजात. मधला बरा होता. मधला खोटं बोलायचा नाही, पण सगळं खरंही सांगायचा नाही. उशीर झालेल्या बोटाला तो जरासा गुबगुबीतपणा द्यायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, असंच वाजवायचं असेल. धाकटा उघडं पाडायचा. धाकट्यावर एक ओळ वाजवली की त्याचे कान तापायचे. बुधवारी दार ढकलून आई आत आली, वॉकर टेकत. पलंग कुठे लावणार ते बघायला आली होती. थोडा वेळ उभ्याने ऐकत राहिली. "गाणं कधी सुरू होतं?" तिने विचारलं.

"हेच. बाकीचं दुसरे वाजवतात."

"अच्छा." तिला वाईट वाटलं असावं, की त्याच्या वाट्याला एवढंच आलं. "मग ते दुसरे कुठे आहेत?"

"नाहीत," तो म्हणाला. पहिल्यांदाच कुणाला तरी म्हणाला. आणि उठून खुर्ची तिच्याकडे सरकवली, धरून ठेवली, काही न बोलता. बोलला असता तर मोठ्याने झालं असतं. आई बसली. त्याने धाकट्यावर परत तीच चाल वाजवली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, ती पलंगाची जागा डोळ्यांनी मोजत होती. पण तो शेवटपर्यंत वाजवत राहिला, मागे पडत, ऐकू येईल असा. दुसऱ्या दिवशी मधला एका शाळेच्या संगीताच्या बाई येऊन घेऊन गेल्या, आणि संध्याकाळी खोलीत आईचा पलंग लागला. धाकटा त्याच्याखाली गेला, औषधांच्या खोक्याशेजारी.

शनिवारी संध्याकाळी तो बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होता. बायको बाहेर जायच्या कपड्यांत समोर येऊन उभी राहिली. गाडीची किल्ली तिच्या हातात होती. "चल," ती म्हणाली. "तुझी ती गिटार घे. दाखव मला." आठवडाभर ती कामापुरतंच बोलत होती, मीठ संपलंय, आईंची तपासणी गुरुवारी आहे, एवढंच. त्याने काय दाखवू असं विचारलं नाही. गाडी तिने चालवली. फाटकावरच्या माणसाने काच खाली व्हायच्या आत दांडा वर घेतला आणि वाकून ओळखीचं हसला, "या साहेब. आज मॅडमपण?" बायकोने मान हलवून त्याला उत्तर दिलं. वर, अजून वर, शेवटच्या मजल्यावर, कोपऱ्यात. "इथे?" इथेच. पुढे काँक्रीटची भिंत, तिच्यावरून गेलेला गंजका पाइप, पाइपाखाली ओल. तिने इंजिन बंद केलं आणि बराच वेळ ती भिंत बघत राहिली, एखादं चित्र बघावं तशी.

"आता तू काय करायचास ते कर," ती म्हणाली.

तो मागच्या सीटवर जाऊन बसला, कारण पुढे गिटारला जागा होत नसे. ती उतरली, मागचं दार उघडून म्हणाली, सरक, आणि शेजारी येऊन बसली. गिटारची मान तिच्या मांडीवर आडवी आली. अॅम्प नाही, काही नाही. त्याने वाजवायला सुरुवात केली. तारांचा नुसता टप टप आवाज होत होता, पण लाकूड थरथरत होतं, आणि ते तिच्या हाताला लागत असणार, कारण तिने हात काढून घेतला आणि थोड्या वेळाने परत तिथेच ठेवला.

"नाना विचारायचे," ती भिंतीकडे बघत म्हणाली, "जावई नाही आले? मी म्हणायचे, शनिवार आहे ना, वाजवतायत."

त्याचं बोट थांबलं. "मग?"

"मग काय. म्हणायचे, नको बोलावूस. वाजवू दे. हाताला जमतंय तोवर वाजवून घ्यावं माणसाने." तिचा आवाज सरळ होता, किराणा सांगावा तसा. "थांबलास का? वाजव."

तो वाजवायला लागला. खालून एक गाडी वळणं घेत वर येत होती. तिचे दिवे आधी छतावर दिसले, मग भिंतीवरून सरकत त्यांच्या काचेवर आले, आणि आतल्या बाईने जाता जाता आश्चर्याने आत पाहिलं. एरवी अशी गाडी आली की तो झटकन वाकायचा, काहीतरी पडलंय आणि ते शोधतोय असं दाखवत, ती निघून जाईपर्यंत. आज बायको शेजारी ताठ बसली होती, गिटारची मान तिच्या मांडीवर होती, आणि त्याला वाकता येईना.